खारा हात

१

त्या दुपारी अवजारांच्या खोलीची कडी आपण लावली होती की नाही, हे सरांना खात्रीने सांगता येत नव्हतं. आठवत नव्हतं असंही नाही. आठवत होतं, आणि घोळ तिथेच होता. कडीचा गारवा बोटांना आठवत होता, ती कोयंड्यात बसतानाचा 'खट्' असा आवाज कानाला आठवत होता, पायाखाली डुगडुगणारी फरशीसुद्धा आठवत होती. पण एकोणीस वर्षं रोज चार वाजता जी कडी लावली, तिचा आवाज नेमका कुठल्या दिवसाचा, हे कानाने कसं ओळखावं? रोजच्या कामाच्या आठवणीवर तारीख नसते.

सर धातुशास्त्राचे प्राध्यापक होते. चौतीस वर्षं त्यांनी लोखंड कसं गंजतं हे शिकवलं, त्यावर एक जाडजूड पुस्तकही लिहिलं. मुलं त्यांना मागून 'गंजोबा' म्हणत. ही बातमी घरी पोचली तेव्हा बायको पोट धरधरून हसली होती आणि पुढे लाडात आली की तीही म्हणायची, "गंजोबा, चहा निवतोय." घरामागची बाग तिची. बागेच्या टोकाची ती लांबुडकी खोली अवजारांची. सरांचा त्या खोलीशी संबंध एवढाच, की दुपारी चारनंतर हवा दमट होते, म्हणून चारच्या ठोक्याला जाऊन दार ओढायचं आणि कडी घालायची. "दार उघडं म्हणजे गंजाला आमंत्रण," हे त्यांचं वाक्य घरातल्या भिंतींनाही पाठ झालं होतं.

ती गेली ती त्याच खोलीत. संध्याकाळच्या कामाला येणाऱ्या मावशींना ती साडेपाचच्या सुमारास सापडली. डॉक्टर म्हणाले, हृदय. दहा मिनिटांत आटोपलं असेल, त्रास झाला नसेल. सरांनी मावशींना एकदाच विचारलं, "दार?"

"उघडंच होतं की, सर," मावशी म्हणाल्या. "सताड उघडं."

दुसरा कुणी असता तर त्याचं एवढ्यावर भागलं असतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. त्या दिवशी चार वाजता सर एका लेखाची मुद्रितं तपासत होते. एका वाक्यात क्रियापद कुठे घालावं हे सुचत नव्हतं. ते वाक्य डोक्यात घेऊन ते बागेत गेले, आणि वाक्य सुटलं तेव्हा पुन्हा टेबलाशी होते. मधलं काहीच नव्हतं. फक्त तो 'खट्'. त्या दिवशीचा, किंवा कुठल्याही दिवशीचा.

२

चार महिने सर त्या खोलीकडे फिरकले नाहीत. मग मुलीचा फोन आला. "बाबा, आईची अवजारं कुणाला तरी देऊन टाका ना. नुसती सडतील तिथे."

"लोखंड सडत नाही, गंजतं," सर म्हणाले.

"बरं, गंजतील. कुणाच्या हाताला लागली तर कामी तरी येतील."

म्हणून एका रविवारी त्यांनी दार उघडलं. लांब भिंतीवर ओळीने खिळे होते. आतल्या कोपऱ्यापासून दारापर्यंत: खुरपं, विळा, छाटणीची कात्री, लहान करवत, कुदळ, दाताळं आणि दाराला लागून फावडं. सगळ्यांवर तांबूस पूड धरली होती. कोपऱ्यात रिकाम्या कुंड्यांच्या उतरंडीमागे तेल घातलेल्या वाळूची बादली होती; तिथे वाकलेलं माणूस दारातून दिसत नसे. काम झालं की ती प्रत्येक अवजार त्या वाळूत चार वेळा खुपसायची. माती निघायची, तेलाचा हात फिरायचा. हे तिला सरांनीच शिकवलेलं. बादलीशेजारच्या फळीवर तिचे सुती हातमोजे होते, नीट घडी घातलेले.

सरांनी ठरवलं, एका रविवारी एक अवजार. देऊन टाकायचं तर नीट करून द्यावं. खुरप्यापासून सुरुवात केली. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं, सकाळी तारेच्या घासणीने घासायचं, खोल डाग पॉलिशपेपरने काढायचे. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, कारण आंबट तसंच राहिलं तर दुप्पट गंज धरतो. लगेच कोरडं करायचं. लोखंडाला मशीनचं तेल, लाकडी मुठीला जवसाचं.

"एवढं माझ्या भांड्यांना कुणी केलं असतं," मावशी दारातून म्हणाल्या, "तर मी रोज आरशासारख्या कढईत तोंड बघितलं असतं."

"मावशी, आत या ना. उजेड अडतोय."

"इथूनच बरं आहे," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, हे सरांच्या तेव्हा लक्षात आलं. साहजिक आहे, असं त्यांना वाटलं.

३

पुढच्या रविवारी विळा काढायला गेले तेव्हा खुरप्याकडे सहज नजर गेली. पातं लखलखीत होतं. पण मुठीच्या वरची लोखंडी मान, जिथे पातं सुरू होतं, तिथे एका बाजूला तीन तांबूस पट्टे उमटले होते आणि दुसऱ्या बाजूला एक रुंद ठिपका. तीन बोटं आणि अंगठा.

सरांनी खुरपं उलटसुलट करून उजेडात धरलं.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक म्हातारा फिटर होता. नव्या मुलांची बॅच आली की तो प्रत्येकाच्या हातात घासून चकचकीत केलेला लोखंडाचा तुकडा द्यायचा आणि सकाळभर धरायला लावायचा. दुसऱ्या दिवशी ज्याच्या तुकड्यावर बोटं उमटत त्याला मोजमापाच्या यंत्रांना हात लावायची बंदी. "खारा हात आहे रे तुझा," तो म्हणायचा. "वाईट वाटून घेऊ नको, तुझा घामच तसा. तू लाकूडकामाला जा." शंभरात दोन-चार माणसांचा घाम असा असतो, हे सरांनी नंतर पुस्तकातही लिहिलं.

त्यांच्या बायकोचा हात खारा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने धूळ झटकताना त्यांची स्टीलची मापं उचलली, आणि दोन दिवसांनी त्यांवर बोटं उमटली. घरात चार पाहुणे बसले होते. सर हसत हसत म्हणाले, "हिचा हात लागला की वस्तू संपली." सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिने सुती हातमोजे आणले.

तेव्हापासून उघड्या हाताने ती त्यांच्या कुठल्याच वस्तूला शिवली नाही. चष्मा द्यायचा तर पदरात धरून. सरांना ताप आला की कपाळाला हात लावायची तोही पालथा. ही तिची लकब असं ते समजत आले. लकब नसावी, हे त्यांना आज खुरपं हातात घेऊन कळत होतं, आणि सांगायला समोर कुणी नव्हतं.

तिच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी मोडली होती, ती मिटत नसे. कप धरला की एखाद्या राणीसारखी दिसायची. खुरप्याच्या मानेवर तीनच बोटं होती.

४

सरांनी एक निरीक्षणवही घातली. पहिल्या पानावर सवयीने प्रश्न लिहिला: 'डाग कुणाचे?' मग त्याखाली, पेन थांबलं नाही म्हणून, आणखी एक ओळ लिहिली: 'कडी: लावली होती / नव्हती.'

पहिला संशय स्वतःवर. म्हातारपणी माणूस काय करतो आणि काय विसरतो, सांगता येत नाही. त्यांनी लोखंडाचे दोन तुकडे चकचकीत केले. एक स्वतः तासभर मुठीत धरला. दुसरा मावशींच्या हातात दिला.

"हे धरून बसू? आणि भांडी?"

"तासभरच."

"लोक ऐकतील तर म्हणतील, सर खुळावले आणि मावशी साथीला." पण त्या बसल्या, तुकडा ओटीतल्या नारळासारखा मांडीवर धरून. "बाई असत्या तर हसून हसून लोळल्या असत्या," त्या म्हणाल्या.

दोन्ही तुकडे आठवड्यानंतरही स्वच्छ होते. त्या रविवारी विळ्याच्या मानेवर मात्र तीन बोटं आणि अंगठा होता.

पुढच्या खेपेला सरांनी कात्रीवर तेलाऐवजी मेणाचा थर चढवला. मेणातून हवा जात नाही, घाम जात नाही, पाणी जात नाही. दाराच्या चौकटीला काळा दोरा बांधला. आठवड्याने दोरा शाबूत होता. कात्रीच्या मुठीवरचं मेणही शाबूत होतं, त्यावर ओरखडा नव्हता. बोटं मेणाच्या खाली होती.

"बाबा, तुम्ही झोपेत चालता का?" फोनवर मुलीने विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती आणि काळजीखाली जरा धास्ती. "मी येऊन राहू का?"

"नको. निरीक्षण चालू आहे."

"कसलं निरीक्षण? गंजलेली अवजारं आहेत ती, बाबा. आई नाहीये तिथे."

सर म्हणाले, "हो." फोन ठेवल्यावर त्यांना जाणवलं की आपण रविवारची वाट बघतो. भीती वाटायला हवी होती, ती थोडी वाटतही होती. पण ती भीती भुताखेताची नव्हती. उमटलेली बोटं सर दर वेळी घासून काढत, आणि ती दर आठवड्याला एक खिळा पुढे सरकत होती. करवत. मग कुदळ. मग दाताळं. कोपऱ्यातून दाराकडे.

५

सातव्या आठवड्यात फावड्यावर उमटली. नवव्या रविवारी सर खोलीत गेले तेव्हा सगळी अवजारं स्वच्छ होती. त्यांनी एकेक उजेडात धरून पाहिलं. कुठेही काही नव्हतं. सुटलो, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं, आणि तरीही खुरप्याची मान पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली.

झाडू घ्यायला त्यांनी दार भिंतीपासून ओढलं. दार आत उघडायचं आणि दिवसभर भिंतीला टेकलेलं असायचं, त्यामुळे त्याची आतली बाजू कधी दिसत नसे. तिथे खालपासून वरपर्यंत साधा लोखंडी पत्रा ठोकला होता. रंग पुढच्या महिन्यात देऊ म्हणून तो एकोणीस वर्षं तसाच राहिला होता. गंजावर पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी.

पत्र्यावर हात होते.

एक नव्हे, मोजता येणार नाहीत इतके. खांद्याच्या उंचीला ते एकमेकांवर चढून नुसता तांबडा चिखल झाला होता. तिथे तळवे होते, मुठींच्या कडा होत्या. त्याखाली, कमरेच्या उंचीला, ते विरळ होत गेले. गुडघ्याच्या उंचीला पाच-सहा. आणि अगदी खाली, बसलेल्या माणसाचा हात जिथे पोचेल तिथे, एकच. पूर्ण तळवा, तीन बोटं जुळलेली, करंगळी बाजूला ताठ.

मोडलेल्या धातूचा तुकडा हातात आला की तडा कुठून सुरू झाला आणि कुठे संपला हे सर नजरेने वाचत. हा पत्रा वरून खाली वाचायचा होता. वाचायला फार शिक्षण लागत नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी व्हिनेगर, घासणी, पॉलिशपेपर सगळं आणलं आणि संपूर्ण पत्रा घासून काढला. संध्याकाळपर्यंत तो आरशासारखा झाला. हात धुताना नळाखालून तांबडं पाणी वाहताना पाहून त्यांच्या मनात आलं, आठ आठवडे आपण करत काय होतो? ती हात ठेवत होती आणि आपण पुसत होतो.

६

आता एकच गोष्ट तपासायची उरली. समजा कडी लागलेली असली, तरी आतली हाक टेबलापर्यंत ऐकू आली असती का? आली असती, तर कडी लागलेलीच नव्हती, कारण त्या दिवशी त्यांनी काही ऐकलं नव्हतं. हे तर्कशुद्ध होतं. सरांना कित्येक दिवसांत एवढा आधार कशाचाच वाटला नव्हता.

"मावशी, मी आत जातो. तुम्ही बाहेरून कडी लावा आणि माझ्या टेबलाशी जाऊन उभ्या राहा. मी हाका मारीन. घड्याळ लावून पाच मिनिटांनी या."

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं. "मी नाही ती कडी लावणार."

"अहो, पाच मिनिटं."

"दुसरं काहीही सांगा, सर. गच्ची धुवायला सांगा, माळा काढायला सांगा."

"मावशी, मला झोप नाही चार महिने झाले. सहा झाले." सरांचा आवाज कापला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. "मला एवढं एकदा कळू द्या."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. चार वाजता त्या बागेत आल्या. दार बंद झालं. 'खट्.'

आतून तो आवाज सरांनी कधी ऐकला नव्हता. बाहेरून तो दिवसाचं एक काम संपल्याचा आवाज होता.

छपराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी येत होती आणि नेमकी पत्र्यावर पडत होती. सरांनी हाक मारली. "मावशी!" मग जोरात. मग दारावर मूठ आपटली. कुंड्या थरथरल्या. पुन्हा पुन्हा हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. खोलीने प्रत्येक हाक गिळून टाकली. जाड भिंती, जड दार. दमट हवा आत येऊ नये म्हणून त्यांनीच बाकीच्या फटी बुजवून घेतल्या होत्या.

ते थांबले. पत्र्यात त्यांचा चेहरा पुसट दिसत होता. त्या चेहऱ्याच्या गालाशी पत्रा धुरकटला, आरशावर श्वास पडावा तसा. सरांनी स्वतःचा श्वास रोखला. धुरकटपणा गेला नाही. त्याला कडा आल्या. तीन जुळलेल्या, एक वेगळी.

तो ओला ठसा दबला. दार जागच्या जागी किंचित हललं आणि पलीकडे कडी किणकिणली. मग ठसा उचलला गेला आणि जरा खाली पुन्हा उमटला. पुन्हा उचलला गेला. पुन्हा खाली. घाई नव्हती. दमलेलं माणूस टेकत टेकत बसतं, तसं. सरही त्याच्याबरोबर खाली वाकत गेले, गुडघ्यांवर आले.

"थांब," ते म्हणाले. "थांब, सरक जरा. मी काढतो कडी."

असं म्हणून त्यांनी दार चाचपलं. आतल्या बाजूला काढण्यासारखं काही नव्हतं.

शेवटचा ठसा जमिनीपासून हातभर उंचीवर होता. सरांनी आपला तळवा त्यावर ठेवला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मध्ये मोजा नव्हता, पदर नव्हता. पत्रा गरम होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. कडी निघाली, उजेड आत आला. मावशी म्हणाल्या, "उठा, सर. उठा." आणि मग हळूच, "मी घड्याळाकडे बघत उभी होते. तुम्ही हाक मारलीच नाहीत."

७

त्याच आठवड्यात सरांनी सुताराला बोलावून दार काढून टाकलं.

"त्या जागी काय बसवू?" सुताराने विचारलं.

"काही नको."

"दमट हवा जाईल आत. अवजारं गंजतील."

"जाऊ दे," सर म्हणाले. सुताराने त्यांच्याकडे जरा विचित्र पाहिलं. हे वाक्य या घरात त्याने पूर्वी उलटं ऐकलं होतं.

अवजारं गंजली. वरपासून खालपर्यंत, सारखी, कुठलंही उघडं लोखंड गंजतं तशी. दर रविवारी सर खुरप्याची मान उजेडात धरून बघत. तो साधा गंज होता, कुणाचाही नसलेला. घासणीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, उलट बोटं यावीत म्हणून वाट पाहिली. बोटं आली नाहीत. निरीक्षणवहीत पुढची पानं कोरी राहिली.

सहा वर्षांनी मावशींचे गुडघे गेले आणि त्या काम सोडून मुलाकडे राहायला गेल्या. सर एकदा त्यांना भेटायला गेले. खोली लहान, खिडकीशी खाट. सून चहा ठेवून बाहेर गेली.

"बारीक झालात, सर."

"तुम्हीसुद्धा."

"मला निदान गुडघ्यांचं निमित्त आहे." त्या हसल्या. मग बराच वेळ गोधडीचा एक धागा बोटाला गुंडाळत राहिल्या. "सर, माझं आता काही खरं नाही. एक गोष्ट पोटात आहे. तुमच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी तेव्हा दार उघडं म्हणाले."

"कडी लागलेली होती," सर म्हणाले.

मावशींनी मान डोलावली. "मीच काढली. दार ढकललं तर जड लागलं. बाई दाराला टेकून बसल्या होत्या." त्या थांबल्या. "मोजे काढून ठेवले होते त्यांनी."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. एवढं त्यांना ठाऊक होतं. ते सहा वर्षं त्याच्यासोबत जेवले, झोपले होते. त्यांना फक्त एक विचारायचं होतं आणि ते त्यांनी विचारलं.

"तिचा हात कुठे होता?"

"पत्र्यावर. अगदी खाली, असा." मावशींनी भिंतीला तळवा लावून दाखवला, खाटेच्या कडेखाली, जमिनीपासून हातभर. "मी धरून बाजूला घेतला, सर. गरम होता."